तुम्ही विचारलंत म्हणून: 'सेटलर'ला मराठी शब्द का नाही?

परवा सावानातल्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातल्या, कार्यक्रमानंतर पुन्हा एका काकांनी गाठलं. "ताई, मराठी एवढं चांगलं लिहिता, मग भाषांतरात 'सेटलर' तसाच का? 'वसाहतकार' आहे की!" मुद्रितशोधक हेच विचारतो, बहीणही विचारते. दर वेळी मी "लयीत बसत नाही" म्हणून वेळ मारून नेते. ते खरं नाही.

सेटलर म्हणजे परक्या मुलखात जाऊन, तिथली जमीन घेऊन कायमचा राहणारा. त्याला 'वसाहतकार' लिहून पाहिलाय. पण नाशिककराच्या कानाला वसाहत म्हणजे सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत. वसाहतकार म्हटलं की स्कीम टाकणारा बिल्डर डोळ्यांपुढे येतो. 'वसाहतवादी' म्हणावं, तर अमेरिकेत 1862च्या होमस्टेड कायद्याखाली 160 एकरांसाठी अर्ज करून 5 वर्षं तिथं राहणारी, जमीन कसणारी विधवा कसला वाद मांडत होती? 'स्थलांतरित' तर उलटाच. तो दुसऱ्याच्या कायद्याखाली राहायला येतो. सेटलर आपला कायदा गाठोड्यात बांधून आणतो.

पहिल्या पुस्तकात मी सरळ 'भूमी वसवणारे' लिहिलं होतं, आणि वर त्याचा अभिमान होता. आपल्याकडे गाव वसवणं पुण्याचं काम. पडीक जमिनीला कौल, म्हणजे सवलतीचा लागवडीचा करार, द्यायचा, इस्ताव्यानं सारा वर्षावर्षाला थोडा थोडा चढवायचा, म्हणजे कुळं येतात आणि टिकतात. एवढी जुनी रीत, मग शब्दात वाईट काय, असं तेव्हाची मी भांडले असते. वाईट काही नाही. फक्त वसवायला जागा ओस असावी लागते. ऑस्ट्रेलियात 1788 साली इंग्रज उतरले तेव्हा ती ओस नव्हती, आणि तिथल्या लोकांचा जमिनीवर हक्क होता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मानलं 1992 साली, माबो खटल्यात.

पण माझ्या हातून तो शब्द सुटला तो न्यायालयामुळे नाही.

आम्ही नवीन नाशकातले, म्हणजे लोकांच्या तोंडी सिडकोतले, शहरं वसवणाऱ्या त्या सरकारी महामंडळाच्या वस्तीतले. कॉलनीच्या मोकळ्या भूखंडात शेंदूर फासलेला एक म्हसोबा होता. भूखंडाला तारेचं कुंपण झालं, फाटक लागलं, आणि चावी आमच्या घरी आली. आषाढात एक म्हातारी टोपली घेऊन दारात. डोक्यावरून पदर, टोपलीत नैवेद्य, नारळ, उदबत्त्या. म्हणाली, "फाटक उघड ना माय."

मी तेव्हा 26 वर्षांची. म्हणाले, "आजी, बाहेरच्यांना आत सोडायचं नाही असं ठरलंय."

ती चिडली नाही. "तू कुठली गं?"

"आम्ही इथलेच."

"व्हय का," ती म्हणाली. "तुमची पान्याची टाकी हाय ना, तिथं आमची हीर व्हती." सांगण्यात तक्रार नव्हती, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मग तिनं कुंपणाबाहेर बसून म्हसोबाकडे तोंड करून नैवेद्य ठेवला, फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला, आणि निघताना एक खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. चावी माझ्या दुसऱ्या हातात होती. मी तो प्रसाद खाल्ला. पुढच्या आषाढात मी फाटक सकाळपासून उघडं ठेवलं. ती आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई स्वतःला उगाच झोडपून घेतेय. मलाही तसं वाटतं. वडील जळगावकडून आले, अंबडला तीन पाळ्यांत राबले, घराचा एकेक हप्ता फेडला. आम्ही कुणाच्या अंगावर बंदूक घेऊन गेलो नव्हतो. हे सगळं खरं आहे. मात्र ती अर्ज भरणारी विधवाही शब्दन् शब्द हेच सांगेल, हीच पंचाईत आहे.

आणि 'कॉलनी' हा शब्द तरी कुठला? लॅटिन 'कोलोनस', म्हणजे जमीन कसणारा. दक्षिण आफ्रिकेतले 'बोअर', त्याचाही अर्थ डच भाषेत शेतकरीच. ज्याची जमीन गेली तोही शेतकरी, ज्यानं घेतली त्याचंही नाव शेतकरी. (नाशिकच्या पांडवलेणीत एक दाता आपण उत्तरेकडचा, दात्तामित्री नगरातला योनक, म्हणजे ग्रीक, असल्याचं कोरून ठेवतो. इतका सरळ पत्ता देणारा परका मला दुसरा भेटला नाही. अर्थात तो लेणं कोरून देऊन गेला, ही गोष्ट वेगळी.)

जवळ जाणारी एक जोडी आपल्याच महसुली भाषेत आहे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी बाहेरून येऊन कसणारा, हक्क नसलेला. सेटलर म्हणजे उपरी म्हणून येऊन मिरासदार झालेला, आणि मूळच्या मिरासदाराला उपरी ठरवणारा. हे मी मुद्रितशोधकाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे वाक्य झालं. मला शब्द पाहिजे."

ताज्या प्रुफात त्यानं 'सेटलर'भोवती पुन्हा गोल केलाय. शेजारी मी 'वसाहतकार' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आत्ता तरी ते तसंच आहे, पेन्सिलीत.