शिन गुन्तो, अपडेट ३: मेकुगी निघाली एकदाची

मंडळी, निघाली! मागच्या अपडेटला लिहिलं होतं ना की माझ्या टाइप ९८ च्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारीच्या (हीच शिन गुन्तो), मुठीतली मेकुगी जागची हलत नाहीये, ती या रविवारी निघाली. नवीन आलेल्यांसाठी सांगते, मेकुगी म्हणजे मुठीतून आणि पात्याच्या शेपटातून आरपार जाणारी बांबूची खुंटी, करंगळीच्या पेराएवढी असेल नसेल, पण अख्खं पातं मुठीत त्या एवढ्याशा खुंटीवर टिकून असतं. माझी ८० वर्षांचं तेल, धूळ आणि गंज खाऊन काळी ठिक्कर पडलेली. तीन आठवडे रोज रात्री टूथपिकच्या टोकाने एक थेंब लाइट मिनरल ऑइल सोडत होते, बाकी काही नाही. ड्रिल मारा म्हणून दोघातिघांनी सुचवलं होतं, नाही मारला आणि बरं झालं नाही मारला. खुंटी एका बाजूला बारीक असते, त्या बारीक बाजूने पितळी दांडी लावून छोट्या हातोडीने टिक टिक टिक, आणि अचानक आवाज बदलला. तो आवाज बदलतो ना, पोकळ होतो, तेव्हा छातीत धस्स होतं अक्षरशः.

मूठ पण ओढून काढायची नाही हं. तलवार डाव्या हातात मुठीला धरून उभी ठेवायची आणि उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटाजवळ हलके ठोके द्यायचे, पातं आपोआप सैल होऊन वर येतं. आठदहा ठोक्यांत आलं.

आता खरी मजा. सगळं उतरवताना प्रत्येक तुकड्याचा क्रमाने फोटो काढत गेले आणि टेबलावर जुन्या धुतलेल्या कॉटनच्या साडीवर एका ओळीत मांडले. आधी सेप्पा म्हणजे पितळी चकत्या, मग त्सुबा म्हणजे हाताच्या रक्षणाची गोल तबकडी, मग परत चकत्या, मग हाबाकी म्हणजे पात्याच्या बुडाशी बसणारी धातूची पट्टी. चकतीवर काठाला बारीक नंबर ठोकलेला असतो, कारखान्यात एका तलवारीचे भाग एकत्र राहावेत म्हणून. माझ्याकडे ६८. भिंग लावून एकेक बघत गेले, ६८, ६८, ६८, त्सुबावर पण ६८, आणि मग एक चकती आली जिच्यावर काहीच नाही. गुळगुळीत. कडा पण कात्रीने कापल्यासारखी. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी मूठ उघडली होती, मूळ चकती हरवली आणि पत्र्याची बसवली, तीही बारीक, म्हणूनच मूठ खुळखुळत होती. इतके दिवस मी मेकुगीला दोष देत होते.

शेपटावर म्हणजे नाकागोवर गंज छान आहे. छान म्हणतेय कारण तो गंज म्हणजे वयाचा दाखला आहे, तो घासायचा नाही, कधीच नाही, वायर ब्रश तर लांबच ठेवा. पहिली तलवार घेतली तेव्हा आधीच्या मालकाने नाकागो चांदीसारखा चकचकीत करून ठेवलेला, अक्षरं निम्मी गेली होती, अजून जीव तुटतो ते आठवलं की. ह्या वेळी फक्त मऊ ब्रश, आणि मग थोडी बेबी पावडर बोटाने हलकेच फिरवली. टॉर्च तिरका धरला. अक्षरांत पावडर बसली आणि खालून वर एकेक खूण उजळत गेली, एक बाजूला "नोशू सेकी जू काने" आणि पुढचं एक अक्षर. म्हणजे मिनो प्रांतातल्या सेकी गावचा राहणारा, काने-काहीतरी. सेकी म्हणजे आताच्या गिफू प्रांतातलं, लोहारांचं जुनं गाव, तिथे निम्म्यांची नावं काने ने सुरू होतात त्यामुळे शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय कोण ते कळायचं नाही. आणि नेमकं तेच अक्षर गंजात बुडालंय. दुसऱ्या बाजूला तारीख मात्र स्पष्ट, शोवा १७, दुसरा महिना. शोवा म्हणजे त्यावेळच्या जपानी सम्राटाच्या राजवटीचं साल, त्यात १९२५ मिळवायचे, १९४२.

हाबाकीच्या खाली छोटा गोल शिक्का आहे, सेकी चं अक्षर. हा शिक्का दिसला की पातं पारंपरिक पद्धतीचं नाही असंच धरून चालायचं, कारखान्याचं स्टील आणि तेलात विझवलेलं, ज्याला आपण शोवातो म्हणतो. तामाहागाने म्हणजे पारंपरिक भट्टीतलं पोलाद वापरून पाण्यात विझवलेलं असतं आणि चांदणीचा शिक्का असता तर गोष्ट वेगळी होती. आणि टोकियोतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ पासून १९४५ पर्यंत जी भट्टी चालली तिथली तलवार म्हणजे तर माझ्या आवाक्याबाहेर. पण मला वाईट नाही वाटलं, खरंच. घेताना किंमत शोवातोचीच दिली होती. ज्यांच्याकडून घेतली त्या बाई म्हणाल्या वडील फिलिपिन्समध्ये होते, तिथून आणली. कागद काहीच नाही, मुठीला बांधलेली चिठ्ठी पण नाही. मी ती हकीकत वहीत लिहून ठेवली, पण त्या हकीकतीचे पैसे दिले नाहीत, आणि नवीन लोकांनीही देऊ नयेत. मुठीला बांधलेल्या गोंड्याचंही तेच. तपकिरी-निळा आहे, म्हणजे कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्याचा, तपकिरी-लाल असता तर मेजर ते कर्नलपर्यंतचा. पण गोंडे इकडचे तिकडे सहज होतात, त्यावरून हुद्दा ठरवू नका.

एकाने विचारलं होतं ९८ कशाचं. जपानी राजवंशाच्या सालाप्रमाणे १९३८ म्हणजे २५९८, त्याचे शेवटचे दोन आकडे. तसंच १९३४ चं ९४ आणि १९३५ चं ९५. ९५ सार्जंट वगैरे लोकांसाठीची मशीनमेड, आणि तिच्या नकला बाजारात पोत्याने आहेत. मी एक खाल्लीये. ऑनलाइन विकणाऱ्याने फोटो लांबून दिलेले, मीही उतावळी, आली तेव्हा पात्यावरचे नंबर जाड आणि वेडेवाकडे, मुठीवरची विणकाम दाखवणारी ओतीव नक्षी मेणासारखी विरघळलेली. म्यानाचा नंबर वेगळाच. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगते, नंबरचा क्लोजअप फोटो आल्याशिवाय एक रुपया, एक डॉलर हलवू नका.

पात्यावर टोकाजवळ तीन गंजाचे ठिपके आहेत, ते तसेच राहतील. जपानी पद्धतीचं पॉलिश करून घ्यायचं तर खर्च तलवारीच्या किमतीच्या वर जातो, आणि घरी सॅंडपेपर लावणं म्हणजे हामोनची, पातं विझवताना धारेकडे उमटलेली रेघ पुसून टाकणं. तेलाचा अगदी पातळ थर, बोट लावायचं नाही, पात्याजवळ बोलायचंसुद्धा नाही कारण थुंकीचा कण पडला तरी डाग धरतो.

आई सध्या इथे आलीये, ती सगळं शेजारी बसून बघत होती. तारीख वाचून दाखवली तर बराच वेळ गप्प. तिचे मोठे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ४थ्या बटालियनमध्ये होते, मार्च १९४४ ला मणिपूरमध्ये सांगशाकला, जपान्यांविरुद्धच्या लढाईत. परत आलेच नाहीत. साताऱ्याला आमच्या घरी फोटो आहे, दसऱ्याला आपल्या पट्ट्याच्या शेजारी त्याला हार घालतात. मी तिला सांगितलं की ही तलवार तिकडची नाही, फिलिपिन्सहून आली असं सांगतात, आणि उगाच जोडायचं नाही. ती म्हणाली, जोडत नाहीये गं, पण ज्याची ही असेल त्याच्या आईलाही असाच फोटो लावावा लागला असेल. मग तिने विचारलं की ती तिकडे परत पाठवता येत नाही का. येत नाही खरंतर. जपानमध्ये १९५८ च्या कायद्याने पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीचीच नोंदणी होते, ही शोवातो तिथे नोंदणीत बसत नाही. भारतात न्यायची म्हटलं तर आर्म्स ॲक्ट, त्यामुळे तो विचार मी केव्हाच सोडलाय. इथेच राहील, नीट राहील.

बाकी काम: बिननंबरची चकती काढली नाही, तीही आता ह्या तलवारीच्या इतिहासाचा भाग आहे. तिच्या शेजारी ०.४ मिलिमीटर पितळी पत्र्याची एक पातळ चकती मी कापून घातली, तिच्यावर मागच्या बाजूला आजची तारीख कोरलीये म्हणजे पुढच्या माणसाला मूळची वाटणार नाही. नवी मेकुगी बांबूच्या जाड चॉपस्टिकमधून तासली, चार फुकट गेल्या, पाचवी बसली. जुनी काळी मेकुगी झिपच्या पिशवीत, चिठ्ठीसकट. काल रात्री सगळं परत जोडलं, हलवून बघितलं, खुळखुळ नाही.

शेवटच्या अक्षराचे फोटो तीन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून काढतेय, वरच्या निम्म्यात एक आडवी रेघ आणि त्याखाली दोन तिरक्या खुणा दिसतात. सेकीच्या काने मंडळींच्या सह्या ज्यांनी बघितल्यात त्यांनी मी फोटो टाकले की जरा नजर टाका.