दोन बोटांचा भूप

शनिवार, रात्री

आज व्हायोलिनवर भूप राग मनासारखा वाजला. आलाप झाला, मध्य लयीतली गत झाली आणि शेवटपर्यंत हात भरून आला नाही, म्हणून लगेच लिहून ठेवते.

कोपराजवळची नस दुखावल्यापासून डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी तारेवर दाब धरत नाहीत. हाताशी उरली तर्जनी आणि मधलं बोट. अशा वेळी आपली जमिनीवर बसून वाजवायची बैठक किती उपकाराची ठरते! व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं, पाठ छातीला लागलेली. डाव्या हाताला वाद्य सांभाळावं लागत नाही, तो तारेवर मोकळा फिरतो.

आतेभाऊ म्हणाला, हात बदल, गज डाव्या हातात घे. व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिशने तेच केलं होतं. लहानपणी त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला इजा झाली होती. पण त्यासाठी तारा उलट लावून भागत नाही. पोटातली पट्टी आणि घोडीच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) पायाजवळची काडी यांच्या जागाही बदलाव्या लागतात, म्हणजे वाद्य उघडणं आलं. शिवाय बडोद्यात सुरसागर तलावाकाठच्या गायनशाळेत (1886 सालची ती, आता परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी) इतकी वर्षं घोटलेला उजवा हात मला सोडवत नाही. मला आधार वाटतो तो जँगो राइनहार्टचा. 1928 च्या आगीत त्याची नेमकी हीच दोन बोटं अधू झाली आणि तो उरलेल्या दोघांवर गिटार वाजवत राहिला. त्याच्या गिटारला स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे होते. माझ्या बोटाला जागा कानानेच शोधावी लागते.

भूप सरांनी सुचवला. षड्जाच्या तारेवर रे तर्जनीचा, ग मधल्या बोटाचा. मध्यम अनामिकेवर येतो, पण भूपात तो नाहीच! पंचम मोकळ्या तारेचा, धैवत तर्जनीचा. अडतं ते तार षड्जाला. तिथे मधलं बोट धैवतावर ठेवून सरकवत न्यायचं आणि वाटेत निषादावर क्षणभरही रेंगाळू द्यायचं नाही, नाहीतर राग गेला. परतीची सा-ध मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) तर भूपाचीच. प-ग सुद्धा. मोकळ्या तारेतून मींड निघत नाही, म्हणून तो पंचम मी गंधाराच्याच तारेवर, त्याच बोटाने घेते. पूर्वी सोय म्हणून मोकळा पंचम वाजवायचे. आताचा पंचम जास्त गाता वाटतो. तानांचं मात्र जड आहे. सर म्हणाले, "तान लहान घे, पण गजाने दाणा न् दाणा वेगळा काढ." तेच करतेय.

दांडिया बाजारातल्या काकांनी वाद्यावर मन लावून काम केलं. घोडीचा माथा किंचित उतरवला, पण गोलाई राखली. सपाट झाली तर गज दोन तारांना लागतो. खुंट्यांजवळच्या पट्टीतल्या खाचा कानशीने जराशा खोल केल्या. रे दाबायला सर्वांत जास्त जोर तिथेच लागायचा, तो निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. तारा हलक्या घातल्या, चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) बसवले आणि षड्ज अर्ध्या स्वराने खाली आणला.

आता यमन घ्यायचाय. तीव्र मध्यमाला गंधारावरून सरकत जाता येईल, पण द्रुत लयीत ते बोट वेळेवर पोचेल का, हे वाजवूनच कळेल. त्याआधी सोमवारी काकांकडे जायला हवं. खर्जाची तार जोरात गज मारला की बोटांखालच्या पट्टीला लागून झणझणते. त्या बाजूने घोडी जास्तच उतरली असावी.