रेणुकेला आठवतं का?

कीर्तन संपून आरती फिरली की कुणीतरी थांबतंच. बहुधा निवृत्त मास्तर. "ताई, महाभारताच्या वनपर्वात रेणुकेला स्वतःच्या वधाचा विसर पडतो. तुमच्या रेणुकेला सगळं आठवतं ते कसं?" कितव्यांदा सांगू? तरी तुम्ही विचारलंत म्हणून.

वाचलंय हो मी. बापाच्या आज्ञेवरून आईचं डोकं उडवल्यावर परशुरामाने बापाकडेच आई उठावी हा वर मागितला आणि त्याला लागूनच तिला वधाची आठवण राहू नये हेही मागितलं. पण मास्तर, रेणुका ज्यातून पाणी आणायची तो वाळूचा घडा वनपर्वात कुठे आहे? तो सगळे बुवा रंगवून सांगतात, त्यांना कुणी अडवत नाही. बाईने एक वाक्य बदललं की ग्रंथ उघडतात.

गोव्यात परशुरामाचा बाण पाळण्यातल्या पोरालाही माहीत. समुद्र हटला, जमीन वर आली, पैंगीणला देऊळ आहे. कुऱ्हाडीकडे मात्र कुणी वळत नाही.

मीही गुरुजींनी दिलं तसंच दहा वर्षं लावलं. उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, चित्ररथ राजाची जलक्रीडा जरा लांबवायची, पुरुषमंडळी हसायची, मग रेणुकेचं मन ढळलं, मग पितृआज्ञा, झांज टिपेला आणि टाळ्या. नऊवारी नेसून नारदाच्या गादीवर उभी असलेली बाई, दुसऱ्या बाईचं डोकं उडाल्यावर टाळ्या घेते! तेव्हा खटकलं नाही. खरं तर खटकत होतं, पण गादी नवी होती, हातातून जाईल ही भीती जास्त होती. पुढे समोरच्या बायका बदलल्या. नोकरीवरून थेट देवळात येणाऱ्या, जलक्रीडेला न हसणाऱ्या. आईला मारायला नकार देणाऱ्या चार थोरल्या मुलांना मी एका वाक्यात शाप देऊन मोकळी होत असे. आता नावं घेते: रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु. घेऊन थांबते.

तर फोंडा तालुक्यातल्या एका देवळात, उत्सवाच्या रात्री, पहिल्यांदाच बोलून गेले: "रेणुका उठली. मानेवरून हात फिरवला. तिला सगळं आठवत होतं. आणि समोर मुलगा उभा होता." तबलजीचा हात वरच राहिला. समितीतले एक जण गादीशी येऊन पुटपुटले, "भैरवी घ्या." त्याचं काही वाटलं नाही, उलट मी जिंकल्यासारखी झाले.

नंतर पायऱ्यांवर चपला शोधत होते. सत्तरीपुढची एक आजी बसली होती, तिने माझा हात धरला. तिच्या मनगटाचं हाड कधीतरी वाकडं सांधलेलं, बांगडी त्या उंचवट्याला अडकून बसलेली. म्हणाली, "बाय, विसरपाक दी गो तिका. ना जाल्यार ती त्याच घरांत रांदतली कशी?"

मी शहाणपणा केला. म्हटलं, "पण आजी, विसरायला लावणं हाही अन्यायच ना?" तिने हात सोडला. "तुका कळचें ना," म्हणाली आणि पदर सावरून प्रसादाच्या रांगेत गेली. मनगटाचं मी विचारलं नाही. ती पुन्हा दिसली नाही.

दोन वर्षं ते आख्यान लावलंच नाही. पुन्हा लावलं तेव्हा आठवणच ठेवली. का? आठवण राहिली तर रेणुका त्या मुलाकडे बघू तरी शकते, असं मी सांगते. त्या वाक्यानंतर पडणारी शांतता मला टाळ्यांपेक्षा आवडते, हेही खरं. रांधायला तिला जायचंय, मला नाही.

गेल्या माघात त्याच देवळात होते. मानेवरून हात फिरवला इथवर आले आणि नजर पहिल्या रांगेतून फिरली. पुढचं वाक्य म्हटलंच नाही, सरळ भैरवीला हात घातला.

खाली उतरल्यावर तबलजी म्हणाला, "ताई, पुढचं विसरल्यात काय?"