एका पायावर

‘शाळेने मला काय दिले’ यावर पाचशे शब्द पाठवा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. शब्द बरेच जास्त झालेत. समितीने हवी तिथे कात्री चालवावी, फक्त शेवटचा प्रसंग ठेवावा, एवढीच विनंती.

मी चौथीत असताना, म्हणजे १९७७-७८ साली, बाईंची लाकडी पट्टी वर्षभर माझ्या डाव्या हातावर बसली. पेन्सिल डाव्या हातात दिसली की पट्टी. बाईंवर राग नाही, त्या काळी घरोघरी तेच होतं. माझी आजी तर मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला तरी घेत नसे. वर्ष संपेपर्यंत मी उजव्या हाताने लिहू लागलो. त्याचं फळ असं की बँकेतला माणूस आजही माझी सही दोनदा ताडून बघतो. हळूहळू जेवणं, खेळणं सगळंच उजवं झालं. फक्त दगड मारायची वेळ आली की हात आपोआप डावा उठायचा.

सातवीत शाळेमागच्या चिंचेवर दगड मारताना कवायतीच्या सरांनी पकडलं. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटून उभा. सर म्हणाले, “दगड डाव्याने मारतोस, मग चेंडू उजव्याने का टाकतोस रे?”

मला उत्तर सुचेना. असं कुणी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळपासून मी डाव्या हाताने फिरकी टाकू लागलो आणि नववीत शाळेच्या संघात आलो. पुढे मी मोठा क्रिकेटपटू वगैरे झालो नाही. आंतरशालेय स्पर्धेत माझ्या शेवटच्या षटकात १४ धावा गेल्या आणि आपण हरलो, हे माझे वर्गमित्र आजही लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात.

१९९७ साली नोकरीनिमित्त जपानमधल्या फुकुओकाला गेलो. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस सहा वर्षं राहिला. क्रिकेटचा पत्ता नाही, भाषा तोडकीमोडकी, रविवार खायला उठायचा. आमच्या विभागाचे साहेब, साठीकडे झुकलेले, मला बेसबॉलच्या सामन्याला घेऊन गेले. प्रचंड घुमट, सातव्या डावात हजारो पिवळे फुगे शिट्टी वाजवत एकदम वर जायचे. गावचा संघ हॉक्स, आणि त्याचे मुख्य प्रशिक्षक सादाहारू ओ. तिकडे प्रशिक्षकाला ‘कान्तोकु’ म्हणतात. साहेबांनी पाकिटातून जुना फोटो काढून दाखवला. तरुण खेळाडू बॅट घेऊन उभा, उजवा पाय गुडघ्यात दुमडून कमरेपर्यंत उचललेला. मला हसूच फुटलं. आपल्याकडे उशिरा येणाऱ्या मुलांना सर झेंड्याच्या खांबाजवळ असंच उभं करायचे. साहेब मात्र हसले नाहीत. मग कॅन्टीनमध्ये, गाडीत, अनेक रविवारी त्यांनी मला त्या पायाची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगितली.

ओ यांचा जन्म तोक्योतला, २० मे १९४०चा. वडील चीनमधून आलेले, छोटंसं चिनी खाणावळीचं दुकान चालवायचे. आई जपानी. वडिलांचा हिशेब साधा होता: थोरल्याने डॉक्टर व्हायचं, धाकट्याने इंजिनिअर. (हे ऐकल्यावर तो माणूस मला एकदम सदाशिव पेठेतला वाटू लागला.) थोरला खरंच डॉक्टर झाला. धाकटा बेसबॉल खेळत राहिला. चेंडू डाव्या हाताने टाकायचा, पण बॅट उजव्या बाजूने धरायचा, कारण सगळे तशीच धरतात.

१९५४च्या नोव्हेंबरात सुमिदा नदीकाठच्या बागेत शाळकरी मुलांचा सामना चालला होता. हिरोशी आराकावा नावाचा एक व्यावसायिक खेळाडू तिथून चालला होता, तो बघत थांबला. त्याने चौदा वर्षांच्या ‘ओ’ला विचारलं, तू डावखुरा आहेस, मग उजव्याने का मारतोस? पुढच्या वेळी डाव्याने मारून बघ. पोराने बाजू बदलली आणि तो पहिलाच फटका लांब गेला.

साहेबांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी त्यांना चिंचेचं झाड सांगितलं. ‘चिंच’ला जपानी शब्द सापडेना, म्हणून कागदावर चित्र काढून दाखवलं. डाव्या हाताने.

स्मरणिकेत सांगायलाच हवं असं एक: आराकावाने त्या मुलाला स्वतःच्याच जुन्या शाळेचं नाव सुचवलं, वासेदा जित्सुग्यो. माजी विद्यार्थ्याने शाळेला देणगी द्यावी ती अशी. १९५७च्या शालेय वसंत स्पर्धेत, कोशिएनच्या मैदानावर, ओच्या बोटाला फोड आलेले, चेंडूला रक्त लागत होतं, तरी त्याने शाळेला अजिंक्यपद मिळवून दिलं. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाला शाळेचा संघ गेला तेव्हा मात्र त्याला खेळू दिलं नाही. वडिलांमुळे त्याचं नागरिकत्व चिनी होतं, आणि महोत्सव फक्त जपानी नागरिकांसाठी. ही गोष्ट साहेब सांगायचे तेव्हा आवाज खाली आणायचे.

१९५९ साली तो योमिउरी जायंट्समध्ये आला. आपल्याकडे रणजीच्या काळात मुंबईचा जो दरारा होता तसा या संघाचा. पहिल्या २६ खेपांत एकही यशस्वी फटका नाही. त्या हंगामात ७२ वेळा तो चेंडू हुकवून बाद झाला. ‘ओ’ या अक्षराचा अर्थ राजा, आणि चेंडू तीनदा हुकवून बाद होणं म्हणजे ‘सान्शिन’. प्रेक्षक ओरडायचे, ‘ओ, ओ, सान्शिन-ओ!’ म्हणजे हुकण्याचा राजा. तीन वर्षं असंच चाललं.

१९६२ला तोच आराकावा जायंट्सचा फलंदाजी प्रशिक्षक होऊन आला. आराकावा स्वतः खेळाडू म्हणून बेताचाच. पण आपण का अडखळतो याचा विचार त्याने आयुष्यभर केला होता, आणि माझं मत विचाराल तर प्रशिक्षकाला हाच गुण पुरतो. ओचा दोष त्याने हेरला: चेंडू यायच्या आधीच अंग पुढे धावायचं, मग हात मागे पडायचे. समेच्या आधीच टाळी देणाऱ्या श्रोत्यासारखं. तोंडाने ‘थांब’ सांगून असा माणूस थांबत नाही. म्हणून त्याला अशा जागी उभं केलं की हललास तर पडशील. १ जुलै १९६२, कावासाकीचं मैदान. ओ पहिल्यांदा एक पाय उचलून उभा राहिला आणि त्याच दिवशी होमरन मारला. होमरन म्हणजे आपला षटकारच समजा. जूनअखेर त्याचे ९ होमरन होते, हंगाम संपला तेव्हा ३८.

पण पाय उचलला आणि झालं, असं नव्हतं. आराकावा आयकिदो ही जपानी युद्धकला शिकत होता, त्या विद्येचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडेच. ‘ओ’लाही तो तिकडे घेऊन गेला. रात्री आराकावाच्या घरी छताला कागदाची पट्टी टांगायची आणि खऱ्या तलवारीने ती कापायची. कागद हलका, वाऱ्यानेच पळतो. पातं किंचित वाकडं गेलं तरी तो नुसता बाजूला होतो, कापला जात नाही. पायाखालची तातामी, म्हणजे गवती चटई, झिजून जायची. आपल्या सरांनी मला एका स्टंपवर चेंडू टाकायला लावले होते, दिवेलागणीपर्यंत, ते आठवलं. फरक इतकाच की मी आठ दिवसांत कंटाळलो.

पुढचे आकडे भराभर सांगतो, कारण ते कुठेही मिळतात. १९६४ला एका हंगामात ५५ होमरन. १९६५ ते १९७३ संघाला सलग नऊ अजिंक्यपदं. ३ सप्टेंबर १९७७ला ७५६वा होमरन, म्हणजे अमेरिकेच्या हँक आरनच्या विक्रमाच्या पुढे. मी तेव्हा चौथीत पट्टी खात होतो. जपान सरकारने खास राष्ट्रीय सन्मान पुरस्कार सुरू केला तो याच निमित्ताने आणि पहिला दिला तो ‘ओ’ला. ज्याला महोत्सवात खेळू दिलं नव्हतं, त्याला. १९८० साली तो थांबला तेव्हा आकडा होता ८६८. जपानी मैदानं लहान होती, असं अमेरिकेत म्हणतात. असतील. कागद मात्र तिकडेही तितकाच हलका असतो.

माझ्यासाठी खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, कारण मी पाहिला तो खेळाडू नव्हता, पन्नाशी उलटलेला प्रशिक्षक होता. १९८४ ते १९८८ तो जायंट्सचा कान्तोकु होता. तिकडे दोन लीग, त्यांचे विजेते देशाच्या अजिंक्यपदासाठी भिडतात. पाच वर्षांत लीग एकदा जिंकली, देशाचं अजिंक्यपद एकदाही नाही. साहेब म्हणायचे, ज्याला स्वतःला सगळं जमतं त्याला दुसऱ्याचं न जमणं कळायला वेळ लागतो. १९९५ला तो फुकुओकाला आला. हॉक्स संघ १९७८पासून दरवर्षी तळच्या निम्म्यात. ९ मे १९९६ला ओसाकात हरल्यावर संघाच्या बसवर लोकांनी अंडी फेकली. ८६८ होमरनवाला माणूस बसमध्ये, आणि काचेवरून ओघळणारा पिवळा बलक. त्याने खेळाडूंना सांगितलं ते असं की, चिडणारे हेच आपले खरे चाहते, यांना जिंकूनच उत्तर द्यायचं.

तीन वर्षं लागली. १९९९ला हॉक्स लीग जिंकले आणि देशाचे विजेतेही झाले. संघ दायएई या दुकानसाखळीचा होता, त्यामुळे विजयाचा सेल लागला. मी रांगेत उभा राहून भाताचा कुकर घेतला. अजून चालतो.

पण एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. २००१ला टफी रोड्स या अमेरिकन खेळाडूने ओच्या ५५ होमरनची बरोबरी केली. एक मारला की विक्रम मोडणार. हंगामाच्या शेवटी सामना आमच्याच घुमटात होता, आणि हॉक्सचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला मारण्याजोगा चेंडूच देईनात. सगळे लांब. एका साहाय्यक प्रशिक्षकाने परदेशी माणसाने हा विक्रम मोडायला नको, असं उघड बोलून दाखवलं. आपण असं काही सांगितलं नव्हतं, असं ओ म्हणाले. मान्य. पण थांबवा, असंही ते म्हणाले नाहीत. १९५७ साली बाहेर बसवलेला मुलगा त्यांच्यात कुठेतरी असायला हवा होता, तो त्या रात्री दिसला नाही. साहेबांना मी हे बोललो. ते गप्प राहिले, आणि आम्ही फुग्यांची वाट न बघता निघालो. तो विक्रम शेवटी २०१३ साली मोडला, तोही एका परदेशी खेळाडूनेच.

तरी माणूस मनातून उतरला नाही. २००६ला त्यांच्या हाताखाली जपान पहिलं विश्वविजेतेपद जिंकलं, त्याच जुलैत कर्करोगामुळे जठर काढावं लागलं, आणि पुढच्या हंगामात ते परत मैदानावर उभे. २००८ला पायउतार झाले. अंडी खाल्ली त्या काळातल्या त्यांच्या संघातले आकियामा, कुदो, कोकुबो पुढे याच हॉक्सचे कान्तोकु झाले. आराकावा २०१६ला गेला.

आता तो शेवटचा प्रसंग. २००४च्या मे महिन्यात, परत आल्यावर, सरांकडे गेलो. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. ओटीवर बसून मी त्यांना हे सगळं सांगितलं, तासभर. ओसाकाची अंडी, तलवार, कागद. सर पान लावत ऐकत होते. ‘धन्य आहे’ वगैरे म्हणतील, असं मला वाटलं.

“उचललेला पाय तो खाली कधी टेकायचा?” सरांनी विचारलं.

“चेंडू जवळ आल्यावर.”

“जवळ म्हणजे कुठे? हातातून सुटल्यावर की अर्ध्यात?”

मला सांगता येईना. सर उठले, कोपऱ्यातली छत्री उचलून माझ्या हातात दिली. “डावखुरा तू आहेस. उभा राहा.”

मी छत्री बॅटसारखी धरली, उजवा पाय उचलला. वय छत्तीस, पोट सुटलेलं. दारातून सरांची नात तोंडावर हात धरून बघत होती. सर दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक केले.

“डोकं हलतंय,” ते म्हणाले. “परत.”