सोलापूरची सायकल स्पितीत

सोलापुरात चढ शोधावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, पण सगळं कसं सपाट. अक्कलकोट रोडला जा नाहीतर विजापूर रोडला, मांड्यांना जाणवेल असा चढ कुठं नाही. म्हणून सहा महिने दर रविवारी पहाटे पाचला निघायचं, तुळजापूर गाठायचं, तिथला घाट तीन-तीनदा चढायचा-उतरायचा आणि ऊन तापायच्या आत घरी. तिथल्या चहावाल्यानं एकदा विचारलंच, "खाली काय हरवलंय का?" बाकी दिवशी समोरून येणारा वारा हाच आमचा डोंगर.

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात सायकलनं जायचंय असं मित्रांना सांगितलं तेव्हा एकच प्रश्न आला, "स्पितीला? बस जात नाही का बे तिकडं?"

जाते की. पण मला निवांत रस्ता हवा होता. मनाली–लेहचा विचार आधी केला होता, पण हंगामात त्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागते. शिवाय मनालीकडून निघालं की उंची फार भराभर वाढते. शिमल्याकडून किन्नौर जिल्ह्यातून जाणारा रस्ता लांब पडतो, पण सतलजच्या काठानं हळूहळू वर नेतो. आमच्यासारख्या पठारावरच्या माणसाला तोच बरा. सप्टेंबर ठरला.

तयारीत पाय ही सगळ्यात सोपी गोष्ट निघाली. गिअरला पैसे गेले. पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या होत्या, त्या ठेवल्या. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११-२८ ची होती, ती काढून चढाला हलकी पडेल अशी ११-३४ ची बसवली. त्यासाठी मागचा डिरेलरही, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, लांब केजचा घ्यावा लागला. केज म्हणजे त्याची साखळी ताणून धरणारी खालची पट्टी. टायर ३२ मिलिमीटरचे. दुकानातल्या मामांनी सगळं जोडून दिलं आणि वर म्हणाले, "एवढ्या हलक्या गिअरवर सोलापुरात चालवू नको, लोक हसतील."

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी आधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, मग उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स हे औषध लिहून दिलं. एक गोष्ट त्यांनी नीट समजावली. उंचावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, कमी होतो तो दाब. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,६५० मीटरच्या आसपास आहे, तिथं दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नकोस आणि डोकं दुखत असेल तर पुढं जाऊ नकोस, हे दोन नियम त्यांनी चिठ्ठीच्या मागं लिहून दिले. पुढं यातला पहिला मी मोडला.

सायकल खोक्यात घातली. चाकं काढली, हँडल फिरवलं, फ्रेमभोवती घरातली जुनी सोलापुरी चादर गुंडाळली. आईनं बघितलं, पण बोलली नाही. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून बसनं शिमला आणि मग आणखी एका बसच्या टपावर खोकं बांधून रिकाँग पिओ. पिओच्या वर कल्पा आहे, २,९६० मीटरवर. समोर किन्नर कैलासचं शिखर. तिथं दोन रात्री राहायचं आधीच ठरलं होतं.

खोकं उघडलं आणि पोटात गोळा आला. मागचा डिरेलर आत वाकलेला. चूक माझीच होती. चाकं काढली, पेडल काढले, पण डिरेलर तसाच लटकत ठेवला होता. प्रवासात कुठंतरी त्याच बाजूवर भार आला असणार. डिरेलर ज्या पातळ पट्टीवर बसतो तो हँगर मुद्दाम मऊ असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. दर फ्रेमचा हँगर वेगळा, त्यामुळं कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि मी जादाचा नेला नव्हता. खास घेतलेल्या ३४ दातांच्या चकतीवर साखळी गेली की डिरेलर सरळ स्पोकला भिडायचा. म्हणजे ज्या गिअरसाठी एवढा खर्च केला, तोच वापरता येईना.

हॉटेलच्या अंगणात सायकल उलटी केली. डिरेलरच्या बोल्टमध्ये ॲलन की घालून थोडं थोडं बाहेर ओढायचं, मागं जाऊन केज चकत्यांना समांतर दिसतोय का ते बघायचं, पुन्हा ओढायचं. एकदम ओढलं तर हँगर मोडतो. दोन तास गेले. पूर्ण सरळ झाला नाही, पण स्पोकला लागायचा थांबला. समोर कैलास गुलाबी झाला होता म्हणे. मी पाठमोरा होतो.

पूह गावापर्यंत रस्ता सतलजच्या काठानं. ट्रक होते, कामं चालू होती, धूळ पुष्कळ. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथला पूल ओलांडला की सगळा आवाजच बंद होतो. पुढच्या पंचवीस-तीस किलोमीटरांत नाकोपर्यंत हजार मीटरच्या वर चढ आहे. वळणावर वळणं, खाली आपणच मघाशी चढलेला रस्ता दोरीसारखा पडलेला. तासाभरात तीन गाड्या गेल्या. साखळीचा आवाज आणि स्वतःचा श्वास, बस. वेग ताशी सहा.

झाड नाही, गवत नाही. तरी मला परकं वाटलं नाही. आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, हा हिमालयाच्या. कोरडी हवा, फुटलेले ओठ, दर दहा मिनिटांनी पाणी प्यायची सवय, हे सगळं मे महिन्यातल्या सोलापूरनं आधीच शिकवलं होतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिथं इतकी छान टिकली की जणू त्या हवेसाठीच केली असावी.

पण पूह अडीच हजाराच्या थोडं वर आणि नाको ३,६०० च्या वर. पाचशेचा नियम एका दिवसात दुप्पट मोडला होता. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सर दुखता है? तो कल बैठो. परसों देखना." खारट लोण्याचा चहा दिला. त्यांना माझी चादर आवडली. उलटून-पालटून वीण बघितली आणि किंमत विचारली.

दुसऱ्या दिवशी मी कुठंच गेलो नाही. तळ्याकाठी बसलो. बोटांना सारख्या मुंग्या येत होत्या, म्हणून हँडलचा टेप सोडून पुन्हा गुंडाळला, ब्रेकची जागा बदलली. मग एकदम आठवलं, अरे, ही तर डायमॉक्सची करामत! डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पुढं आणखी एक सवय बदलावी लागली. सोलापुरात पहाटे निघतो ते उन्हाच्या भीतीनं. इथं लवकर निघायचं ते पाण्यासाठी. रात्री गारठल्यामुळं सकाळी नाल्यांना पाणी कमी असतं. दुपारी वरचा बर्फ वितळला की ते वाढतं आणि दगडही सुटतात. मलिंग नाला सकाळीच ओलांडला, सायकल हातात धरून, घोट्यापर्यंतच्या गार पाण्यातून. पुढं ताबोपर्यंत उतार जास्त. ताबो नाकोपेक्षा खाली आहे, म्हणून त्या रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली. इ.स. ९९६ मधला तिथला मातीचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायला एक दिवस जास्त थांबलो. ताबो ते काझा पन्नास किलोमीटरही नाही, आणि दुपारनंतर वारा दरीतून वर वाहतो, म्हणजे पाठीमागून. उभ्या जन्मात मला वाऱ्यानं एवढी मदत केली नव्हती.

काझाला मुक्काम ठेवूनच वरची गावं केली. दिवसा वर चढायचं, झोपायला खाली यायचं. एक दिवस ‘की’ गावचा गोम्पा आणि किब्बर, दुसऱ्या दिवशी हिक्कीम, ४,४०० मीटर. तिथं चढावर मी श्वास मोजत होतो. वीस पॅडल, थांबा. वीस पॅडल, थांबा. पुढं कोमिक दिसत होतं, जेमतेम दोनशे मीटर वर. पण कपाळाच्या मागं तीच ओळखीची कळ सुरू झाली आणि चिठ्ठीतला दुसरा नियम आठवला. वळलो.

परतीच्या वेळी सगळ्यात आधी डिरेलर सोडवला, वेगळा गुंडाळला आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधला. घरी खोकं उघडलं तेव्हा चादरीवर साखळीचा काळा ठसा, एकेक कडी मोजता येईल असा. आईनं चादर उजेडात धरली. हिमालय कसा होता ते नंतर विचारलं. आधी म्हणाली, "डिझेल लावून बघू, निघतंय का."