कसंतरी होतंय

दुपारी दोनची औषधांची फेरी चालू होती. सहा बेडच्या खोलीत चौथ्या बेडचे आजोबा खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीच्या आसपासचे, न्यूमोनियातून उठलेले, दोन दिवसांत घरी जाणारे. (पेशंट ओळखू येऊ नये इतपत तपशील बदललेत.) सकाळपासून त्यांची थट्टा चालली होती. आमच्या चहापेक्षा सलाईन चवदार असेल, असंही म्हणून झालं होतं. मी शेजारच्या बेडच्या गोळ्या काढत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "आय'व्ह कम ओव्हर ऑल फनी, लव्ह."

मी हसले. "सकाळपासून फनीच आहात तुम्ही," असं इंग्रजीत वर म्हणालेही, आणि पुढच्या बेडकडे वळले.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला नर्स म्हणून येऊन मला तेव्हा पाच महिने झाले होते. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास होऊन आले होते, नंतर ओस्कीची, म्हणजे नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, दहा स्टेशनंही पार केली होती. क्लासमध्ये 200 इंग्रजी वाक्प्रचारांची झेरॉक्स दिली होती, ती पाठ होती. रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, किक द बकेट. इथे पाऊस रोजचा, मरणंही वॉर्डाला नवीन नाही, पण पाच महिन्यांत हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच्याही तोंडून ऐकले नाहीत.

जे ऐकू येतं ते झेरॉक्समध्ये नव्हतं. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देताना, 'ही'ज बीन सिक' म्हणजे उलटी झाली. पहिला आठवडा मी मनात म्हणत होते, हॉस्पिटलात आहे म्हणजे आजारी असणारच, सांगायचं काय त्यात? 'व्हेरी पुअरली' ऐकायला मऊ वाटतं, पण त्याचा अर्थ नातेवाइकांना बोलावून घ्या. 'नॉट टू क्लेव्हर टुडे' याचा अकलेशी संबंध नाही, तब्येत बरी नाही एवढंच. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणं, कारण एकेकाळी सार्वजनिक संडासाला एक पेनी पडायची. आणि 'मस्टन्ट ग्रंबल', तक्रार करू नये, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं दुखणं दहापैकी आठ असू शकतं. परीक्षा घेणाऱ्यांना या माणसांचं बोलणं कधी ऐकवलं होतं की नाही, कोण जाणे.

सहा मिनिटांनी आमची हेल्थकेअर असिस्टंट पाण्याचे जग भरून आली. तिकडच्या वॉर्डातल्या मावशी असतात ना, तशीच ही. जन्म इथलाच, पगार माझ्याहून कमी, पेशंटची पारख माझ्याहून जास्त. मी हसत हसत तिला आजोबांचं वाक्य सांगितलं. तिने जग ठेवला. "असंच म्हणाले? कम ओव्हर फनी?" आणि पळाली.

आजोबांचा चेहरा राखेसारखा पडला होता, कपाळ घामाने थंडगार. नाडी 34, वरचं बीपी 76, श्वास 22, ऑक्सिजन 95. पेशंट किती बिघडलाय ते मोजणाऱ्या न्यूज टू स्कोअरमध्ये नाडीचे 3, बीपीचे 3, श्वासाचे 2, ऑक्सिजनचा 1. बेरीज 9. सातला आणीबाणी धरतात. सकाळी दहाला हाच स्कोअर 1 होता, आणि 1 आला की पुढची तपासणी चार ते सहा तासांनी केली तरी चालते. कागदोपत्री माझी काही चूक नव्हती. स्कोअर मोजतो ते आकडे. पेशंट काय म्हणाला, ते नर्सने ऐकायचं असतं.

2222 या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी नंबरला फोन गेला. त्यांना आडवं केलं, टीम आली, ईसीजी काढला: कम्प्लीट हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. नाडी वाढवायला 500 मायक्रोग्रॅम ॲट्रोपिन दिलं, मग आणखी एकदा, आणि त्यांना कोरोनरी केअरला हलवलं. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

मला डाचतं ते वेगळंच. सोलापूरकडे नोकरीला असताना परराज्यातला एक नवा रेसिडेंट डॉक्टर होता. एक बाई "घाबरल्यासारखं होतंय" म्हणाल्या, तर त्याने "डरो मत" म्हणून त्यांची समजूत घातली. मी त्याला बाजूला घेऊन चांगलं सुनावलं होतं. म्हटलं, ही भीती नव्हे, छातीत धडधडतंय, जीव कासावीस झालाय, आधी नाडी बघा. "कसंतरी होतंय" म्हटलं की मी स्वतः हातातलं टाकून धावायचे. 'कम ओव्हर ऑल फनी' म्हणजे नेमकं तेच, कसंतरी होतंय. अर्थ मला माहीत होता, फक्त त्याचा इंग्रजी कपडा ओळखीचा नव्हता.

घटनेचा फॉर्म भरला. त्यात 'भाषेची अडचण' असा एक रकाना आहे, पण तो इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी. इथे पेशंट तर अस्सल इंग्रज! शेवटी 'इतर' वर खूण केली. डॉक्टर म्हणाले, सहा मिनिटांनी फरक पडला नाही. पडला नसेलही. पण ती सहा मिनिटं ते खुर्चीत बसून होते, सिस्टरला सांगितलंय, ती येईल, अशा भरवशावर.

चौथ्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्यांना भेटायला गेले. खरं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं तुम्ही गंमत करताय, म्हटलं. ते हसले. "माझीच चूक, लव्ह. सकाळपासून गंमतच करत होतो ना."

ते मनापासून म्हणाले, की नुसती तिथली रीत म्हणून, हे मला त्यांच्या इंग्रजीतून अजूनही कळत नाही.