क्लेची चित्रं आणि मंद उजेड
आज स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या त्सेंट्रुम पाउल क्लेमध्ये, म्हणजे चित्रकार पाउल क्लेच्या संग्रहालयात, दिवस गेला. रेन्झो पियानोच्या आराखड्याची, तीन लाटांसारखी ही इमारत २००५ मध्ये उघडली. संग्रहात क्लेची सुमारे ४,००० चित्रं, पण भिंतीवर मोजकीच. कारण बहुतेक कागदावरची आहेत. उजेडाने रंग उडतो, म्हणून जलरंगांसाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात. २०० लक्सला तेवढीच झीज चौपट वेगाने होते. अंधारात विसावा दिला तरी उडालेला रंग परत येत नाही, म्हणून तर आलटूनपालटून मांडणी!

उन्हातून थेट चित्रापुढे उभे राहू नका, डोळ्यांना पाचेक मिनिटं द्या. मग पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाखाली क्लेच्या हातची रेघ, वर्ष, क्रमांक, शीर्षक हळूहळू दिसू लागतं. किती नाजूक अक्षर! तो पुठ्ठाही चित्राचाच भाग आहे, फ्रेम करताना तो झाकणं म्हणजे चित्र कापणंच.